ओव्या सापडेनात: वऱ्हाडातील एका मंडळाच्या डिजिटल प्रकाशनसूचीचे प्रकरण

वाशीम जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इतिहास आणि लोकसाहित्याचे काम करणारे एक जुने मंडळ आहे. महाराष्ट्र राज्य होण्याच्या अलीकडेपलीकडे सुरू झालेले त्याचे त्रैमासिक आजही निघते, कधी वेळेवर, कधी दोन अंक एकत्र करून. त्याशिवाय ग्रामदैवते, जत्रा, गढ्या, म्हणी अशा विषयांवरच्या लहान पुस्तिका आहेत आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केलेल्या काही कॅसेटी आहेत. हे सर्व स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवावे असा ठराव कार्यकारिणीने केला, काम गावातल्याच एका संगणक केंद्रचालकाकडे सोपवले, आणि वर्षभराने ‘मंडळाचे संपूर्ण साहित्य आता ऑनलाइन आहे’ असे वार्षिक सभेत जाहीर झाले. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. त्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर तूर सोंगण्याच्या दिवसांत जवळच्या खेड्यातून सत्तरीच्या पुढची एक बाई नातवाला घेऊन मंडळाच्या खोलीवर आली. सचिव हे निवृत्त शिक्षक, त्यामुळे सारा तालुका त्यांना गुरुजीच म्हणतो. बाई त्यांना म्हणाली, “गुरुजी, माह्या मायच्या ओव्या तुम्ही छापल्या होत्या. नातू मोबाइलवर पाहून राहिला, पण थ्या काही भेटून नाई राहिल्या.” गुरुजींनी कपाटातून बांधीव खंड काढले आणि चहा येईपर्यंत ओव्या शोधून दिल्या. त्या शके १८९० च्या पौष अंकात होत्या. हा अंक संकेतस्थळावरही होता, त्याची यादीत नोंदही होती, आणि तरीही नातवाने चार वेगवेगळे शब्द टाकून पाहिले तेव्हा यादीने चारही वेळा ‘काही सापडले नाही’ असेच उत्तर दिले. पुढे दीड वर्ष चाललेल्या कामाचे मूळ या फसलेल्या शोधात आहे, म्हणून हे प्रकरण त्याच क्रमाने मांडतो.

शोध का फसला

यादी म्हणजे एक्सेलचा एक तक्ता होता आणि त्यात पाच रकाने होते: अनुक्रमांक, फाइलचे नाव, वर्ष, दुवा आणि शेरा. पौष अंकाच्या ओळीत फाइलचे नाव ‘अंक पौष फायनल २’ असे होते आणि वर्षाच्या रकान्यात ‘१८९०’. केंद्रचालकाने मुखपृष्ठावर जे दिसले ते प्रामाणिकपणे टिपले होते. ते शक आहे, इसवी सन नव्हे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. परिणामी १९६० च्या दशकातले सगळे अंक यादीत एकोणिसाव्या शतकात जाऊन बसले आणि मंडळ स्वतःच्या स्थापनेच्याही सत्तर-ऐंशी वर्षे आधीपासून त्रैमासिक काढत असल्याचे दिसू लागले. सभेत ही यादी पडद्यावर दाखवली होती, तरी आम्हा कोणाच्याही ते लक्षात आले नाही.

शकाचा इसवी सन करताना ७८ मिळवायचे, एवढे शाळेत शिकवतात. पण वर्ष पाडव्याला बदलत असल्याने जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात, आणि पौष महिना बहुधा डिसेंबर आणि जानेवारी या दोहोंत विभागलेला असतो. शके १८९० चा पौष डिसेंबर १९६८ मध्ये सुरू होऊन जानेवारी १९६९ मध्ये संपला. म्हणून एकच वर्ष निवडून दुसरे पुसण्याऐवजी आम्ही छापील मिती जशीच्या तशी एका रकान्यात ठेवली आणि शेजारच्या रकान्यात ‘१९६८-१२ ते १९६९-०१’ असा इसवी काळ लिहिला. वाचकाला मिती दिसते, संगणक काळावरून क्रम लावतो.

मितीची चूक मात्र वरवरची होती. खरी अडचण अशी होती की यादीतली एक नोंद नेमकी कशाची आहे हे कोणी कधी ठरवलेच नव्हते. पुस्तिकेची नोंद पुस्तिकेची होती, त्रैमासिकाची नोंद अंकाची होती, कॅसेटची नोंद कधी कॅसेटची तर कधी तिच्या एका बाजूची होती, आणि जिथे अंक मोठा म्हणून त्याच्या दोन फायली केल्या होत्या तिथे एकाच अंकाच्या दोन नोंदी झाल्या होत्या. थोडक्यात, यादी प्रकाशनांची नव्हती, फायलींची होती. ओव्या शोधणाऱ्याला फाइल नको असते आणि बहुतेकदा अंकही नको असतो. त्याला अंकातली तीन पाने हवी असतात. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये कृती, तिचा आविष्कार, तिचे प्रकाशित रूप आणि हातातली प्रत असे चार थर वेगळे करून दाखवले, ते ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कोरडे वाटतात. पण इथे ते चारही समोर उभे होते. आईच्या ओव्या ही कृती, एका शिक्षकाने ऐकून लिहून घेतलेला पाठ हा तिचा आविष्कार, पौष अंक हे प्रकाशन, आणि स्कॅन केलेला खंड ही प्रत. आमच्या यादीत फक्त शेवटचा थर होता.

कार्यकारिणीत यावर बराच वाद झाला. प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद करायची तर काम दहापट वाढते, आणि हाताशी होते आम्ही तिघे. मी आग्रह धरला तो असा, की अंकाची एक नोंद असावीच, पण अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक मजकुराची तिला जोडलेली स्वतंत्र छोटी नोंद असावी. संपादकीय, वर्गणीदारांची यादी आणि जाहिराती यांची करू नये. जाहिराती वगळण्याचा निर्णय आज मला चुकीचा वाटतो. जिनिंग-प्रेसिंग कारखाने, बियाण्यांची दुकाने आणि टुरिंग टॉकीज यांच्या जुन्या जाहिराती पाहायला नंतर दोन अभ्यासक आले आणि त्यांना आम्हाला पुन्हा गुरुजींच्या स्मरणशक्तीकडेच पाठवावे लागले.

अक्षरांचा घोळ

नातवाने टाकलेला एक शब्द ‘वऱ्हाडी’ हा होता. अंकाच्या मुखपृष्ठावर तो शब्द आहे आणि केंद्रचालकाने शेऱ्यात तो टंकितही केला होता. तरी जुळणी झाली नाही, याचे कारण मी दोन दिवस शोधत होतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकावर निदान तीन प्रकारे लिहिला जातो. कोणी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावतो. कोणी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. तर कोणी ते चिन्ह विसरतो, मग ‘ह’च्या डोक्यावर रफार चढून ‘वर्हाड’ दिसते. पहिले दोन प्रकार पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ज्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे, त्या प्रदेशाच्या सूचीने आपलेच नाव ओळखू नये, याला काय म्हणावे?

त्याहून मोठा घोटाळा १९९० नंतरच्या अंकांत होता. ते पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रणालीत, युनिकोड ही सर्व संगणकांना समान असलेली अक्षरसंकेतांची पद्धत रुळण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत जुळवलेले. अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे पीडीएफ उघडली की मराठी सुबक दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी हाती येते. शोधयंत्राला ती खिचडीच दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत आणि आम्ही ती वापरली. परंतु जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, म्हणून जोडाक्षरांपाशी वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफाराचेही तेच. रूपांतरित मजकूर माणसाने वाचल्याशिवाय तो सूचीत घ्यायचा नाही, असा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला. खिळ्यांवर छापलेल्या जुन्या अंकांसाठी टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीची मराठी अक्षरओळख वापरली. झिजलेल्या खिळ्यांवर ती बरीच अडखळते, म्हणून तिचा मजकूर फक्त शोधासाठी मागे ठेवला आणि वाचकाला पानाचे चित्रच दाखवले.

जुन्या लेखनपद्धतीचा प्रश्न वेगळा होता. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. खेड्यातल्या छापखान्यात ते रुजायला आणखी काही वर्षे गेली. त्यामुळे आमच्या जुन्या अंकांत ‘गांवांतील’, ‘कांहीं’, ‘गाणीं’ असे सानुस्वार लेखन सर्रास आहे. केंद्रचालकाने ते काही ठिकाणी सुधारले होते, काही ठिकाणी तसेच ठेवले होते. सूचीकाराने छापील शीर्षकाला हात लावू नये हा जुना दंडक आम्ही पाळला: शीर्षक अनुस्वारांसह जसेच्या तसे, आणि शोधासाठी आजच्या लेखनातले पर्यायी शीर्षक दुसऱ्या रकान्यात. ‘वऱ्हाड’चे तीन प्रकार, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार हे भेद शोधाच्या अनुक्रमणीत एकरूप केले, दिसणाऱ्या नोंदीत मात्र काहीही बदलले नाही.

नावे आणि गावे

व्यक्तिनावांचे उदाहरण द्यायचे तर वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या इतिहासाचे नागपूरचे अभ्यासक वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांचेच देता येईल. आमच्या अंकांत त्यांचा उल्लेख ‘वा. वि. मिराशी’, ‘म. म. मिराशी’, ‘महामहोपाध्याय मिराशी’ असा येतो, आणि मधले नाव ‘विष्णू’ असे दीर्घही येते. एक रूप प्रमाण ठरवून बाकीची त्याकडे वळवायची, हे काम ग्रंथपाल पिढ्यान्‌पिढ्या कार्डांवर करत आले. एक्सेलमध्ये ते आपोआप होत नाही.

गावांची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची निघाली. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून आमच्या निम्म्याहून अधिक अंकांत हीच गावे ‘जिल्हा अकोला’ अशी छापली आहेत. खुद्द वाशीमची रूपे पाहा: वाशिम, वाशीम, इंग्रजी अमदानीतले ‘बासिम’, आणि वाकाटकांच्या शाखेची राजधानी म्हणून येणारे ‘वत्सगुल्म’. नुसते ‘कारंजा’ म्हटले तर ते आमच्या जिल्ह्यातले कारंजा लाड की वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे, आणि नुसते ‘मालेगाव’ म्हटले तर आमचा तालुका की नाशिककडचे शहर, हे नोंदीवरून कळलेच पाहिजे. गावाच्या नावांची एक वेगळी सारणी करून तिच्यात जुनी नावे, आजचा तालुका आणि जिल्हा अशी मांडणी केली, आणि नोंदींत फक्त त्या सारणीचा क्रमांक घातला. उद्या जिल्ह्याच्या सीमा पुन्हा बदलल्या तर एकच ओळ दुरुस्त करावी लागेल.

याच कारणाने नोंदक्रमांकात जिल्ह्याची आद्याक्षरे घालण्याची सूचना मी मान्य केली नाही. ती सूचना अध्यक्षांची होती आणि क्रमांक पाहताच गाव कळावे हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या क्रमांकात अर्थ भरला जातो तो अर्थ बदलला की क्रमांक खोटा ठरतो. १९९८ पूर्वी हे काम झाले असते तर आज सगळी प्रकाशने ‘अ’ने सुरू झाली असती. शेवटी साधा चढता क्रमांक ठरला. तो एकदा दिला की बदलायचा नाही, नोंद रद्द झाली तरी दुसऱ्या कशाला द्यायचा नाही, आणि फाइलचे नाव, दुवा व ध्वनिफीत या सर्वांवर तोच असायचा.

हक्क, फायली आणि किल्ल्या

सूचीचे रकाने ठरवताना डब्लिन कोअर ही पंधरा घटकांची सुटसुटीत पद्धत घेतली. तिचा उगम १९९५ च्या एका कार्यशाळेत झाला. तिच्या नावातले डब्लिन आयर्लंडचे नसून अमेरिकेतील ओहायो राज्यातले आहे, हे सांगितल्यावर गुरुजींना उगाच आनंद झाला. सॉफ्टवेअरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. डीस्पेससारखी डिजिटल संग्रह सांभाळणारी प्रणाली उत्तम असली तरी तिचा सर्व्हर सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही; म्हणून नीट रकान्यांचा तक्ता आणि त्यावरून तयार होणारी साधी पाने, एवढ्यावर भागवले.

हक्कांवर मात्र अधिक वेळ गेला. ‘आपल्याच त्रैमासिकात छापले, म्हणजे आपलेच’ ही सर्वांची समजूत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि बाहेरच्या लेखकाने मासिकाला लेख दिला म्हणून तो हक्क मासिकाकडे जात नाही. हस्तांतर लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आमच्याकडे लेखी असे काहीच नव्हते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मध्ये झाले, तेव्हा आमच्या अंकांतली त्यांची भजने २०२८ अखेरपर्यंत कायद्याने संरक्षित आहेत, हे ऐकून सभेतले अनेक जण चकित झाले. गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेत म्हटली जाणारी भजने कोणाच्या हक्कात असतील, असे कोणाला वाटलेच नव्हते. तोडगा असा निघाला की सूचीतली नोंद सर्वांची दाखवायची, कारण शीर्षक, लेखक आणि पृष्ठांक सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. पूर्ण मजकूर मात्र मुदत संपलेल्यांचा किंवा वारसांची लेखी संमती आलेल्यांचाच उघडायचा. त्यामुळे उघड्या फायलींची संख्या पूर्वीपेक्षा घटली आणि ‘काम पुढे जाण्याऐवजी मागे गेले’ अशी टीका झाली. ती आम्ही ऐकून घेतली.

फायलींचे वजन हा खेड्यातला रोजचा प्रश्न आहे. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, रंगीत घेतले तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, म्हणजे फाइल दाबून लहान न करता सुमारे २६ एमबी. तेच करड्या छटांत घेतले तर नऊ एमबीच्या आत राहते. पिवळ्या पडलेल्या कागदाचा पिवळेपणा वाचकाच्या मोबाइलवर पोचवण्यात काहीच हशील नव्हते. मूळ चित्रे दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत ठेवली. वाचकासाठी हलकी प्रत वेगळी केली.

सर्वांत मोठा धोका मात्र भलतीकडेच होता. संकेतस्थळाचे नाव ज्या तरुणाने नोंदवले होते तो नोकरीसाठी पुण्याला गेला होता, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात होत्या, आणि मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना हे योगायोगाने कळले. आता नोंदणी मंडळाच्या नावावर आहे, संकेतशब्द बंद लिफाफ्यात कोषाध्यक्षांकडे आहेत, आणि नोंदींत बदल करण्याचा अधिकार दोघांनाच आहे. प्रत्येक बदलासोबत कोणी, कधी आणि कशावरून केला हे लिहावे लागते. पूर्वी ग्रामदैवतांच्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती जुन्या फाइलवरच चढवली गेली होती आणि जुनीतला पृष्ठांक देणारा एक विद्यार्थी खोटा ठरला होता; आता दोन्ही आवृत्त्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत.

त्या नोंदीचे पुढे काय झाले

पौष अंकातल्या ओव्यांची नोंद नव्याने केली तेव्हा एक गोष्ट उघड झाली, ती अशी की शोध सर्व बाजूंनी निर्दोष असता तरी बाईला आईचे नाव सापडलेच नसते. अंकात संग्राहक शिक्षकाचे पूर्ण नाव, हुद्दा आणि शाळा आहे. गायिकेबद्दल ‘एका शेतकरी बाईच्या तोंडून ऐकलेल्या’ एवढेच आहे. जुन्या यादीत संग्राहकच ‘लेखक’ झाला होता. नव्या नोंदीत ‘संग्राहक’ आणि ‘गायिका’ असे दोन रकाने केले, आणि गायिकेचे नाव, छापील अंकात नसलेली माहिती म्हणून, चौकटी कंसात घालून ‘मुलीने सांगितल्यावरून’ अशी टीप तारखेसह जोडली.

बाईला पुन्हा बोलावून नातवाने तिला ती नोंद वाचून दाखवली. तिने दोन हरकती घेतल्या. पहिली ही, की अंकात दिलेले गाव आईचे सासर आहे, ओव्या मात्र ती माहेराहून शिकून आली होती. म्हणून ‘संकलनाचे गाव’ आणि ‘परंपरेचे गाव’ असे स्थळाचे दोन भाग करावे लागले आणि हा फरक पुढे लोकसाहित्याच्या सर्वच नोंदींना लागू केला. दुसरी हरकत पाठाची होती. छापताना ‘काळा’ केले आहे, माय ‘काया’ म्हणायची, आणि तसे म्हटल्याशिवाय ओवी जात्याच्या फेऱ्यात बसत नाही, असे सांगून तिने ती ओवी तिथेच म्हणून दाखवली. छापील पान बदलता येत नाही. नोंदीत पाठभेदाची टीप घातली आणि ‘काया’ हा शब्द शोधशब्दांत जोडला.

तिचे म्हणणे गुरुजींनी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. ते नवे प्रकाशन धरून त्याला पुढचा चढता क्रमांक दिला, जुन्या नोंदीतून त्याकडे आणि त्यातून जुन्या नोंदीकडे दुवा घातला. संमतीपत्रावर बाईने सही केली आहे. स्वतःचे नाव लावायचे की नाही, हे मात्र लेकाला विचारून सांगते म्हणाली, म्हणून त्या नोंदीत गायिकेचा रकाना तूर्त रिकामा आहे.